कळवण्यास आनंद होतो की

"पुढच्या खेपेपासून रिलीज नोट्सना माणसाचा हात लागणार नाही!" भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. ऐकायला घरात एकटी बायको होती, आणि तीही मटार सोलत होती.

"मग कोणाचा लागणार?"

"कोणाचाच नाही. आपोआप! मी झोपलेला असेन, आजारी असेन, अगदी मेलेला असेन, तरी नोट्स वेळेवर जाणार म्हणजे जाणार."

"सकाळी सकाळी काय हे अभद्र बोलणं!" ती म्हणाली. पण भाऊजी तोवर मनाने स्वतःच्या सत्काराला जाऊन पोहोचले होते.

भाऊजी हे काही त्यांचं नाव नव्हे. ज्या कंपनीत ते जात ती त्यांच्या दोन मेहुण्यांची होती, त्यामुळे झाडणाऱ्या बाईंपासून हिशेब बघणाऱ्यापर्यंत सगळेच त्यांना भाऊजी म्हणत. उभी हयात त्यांनी एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात काढली. 'आपला दावा नामंजूर झाला आहे' हे ते अशा सुरेख भाषेत कळवत की पत्र अर्धं वाचून होईपर्यंत माणूस पेढे वाटायच्या विचारात असे. निवृत्तीनंतर घरात बसून ते बायकोला डब्यांना लेबलं कशी लावावीत हे शिकवू लागले, तेव्हा तिनेच भावांना फोन करून सांगितलं, "यांना काहीतरी लिहायला द्या रे!"

भावांची कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या पेशंटला कधी बोलावलंय, कोणत्या खुर्चीवर बसवायचं, त्याचा एक्स-रे कुठे आहे, असं सगळं त्यात. त्यांचे वडील दातांचे डॉक्टर होते आणि हे सॉफ्टवेअर दोघांनी मुळात त्यांच्याच दवाखान्यासाठी लिहिलेलं. थोरल्याला सगळे दादा म्हणत. धाकट्याच्या डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागले होते, तरी तो धाकटाच राहिला होता.

दर थोड्या दिवसांनी सॉफ्टवेअरची सुधारलेली आवृत्ती दवाखान्यांना जायची. तिच्यात नवीन काय, दुरुस्त काय, हे सांगणारं पत्रक म्हणजे रिलीज नोट्स. ते लिहायचं काम भाऊजींचं. त्यासाठी लागणारा माल तयार असे. प्रोग्रॅममध्ये कुठलाही बदल केला की करणाऱ्याने खाली एक शेरा टाकायचा, काय बदललं आणि का बदललं. असे सगळे शेरे वाचून भाऊजी त्यांचं पत्रक करत.

अडचण एवढीच होती की दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

वडील गेल्यावर दवाखाना बंद झाला. तिथली त्यांची जुनी, पेशंटला बसवायची खुर्ची दादाने धाकट्याला न विचारता कोणाला तरी देऊन टाकली. धाकट्याने ती भंगारात गेली असं धरलं. दादाने "भंगारात नाही" एवढंही सांगितलं नाही, कारण आपल्यावर असा संशय घेतला जातो याचाच त्याला राग आला. त्या दिवसापासून बोलणं बंद! एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, मधे भाऊजींचं टेबल अशी दोघांची बैठक होती. कामापुरतं बोलावं तर लागतंच. ते बोलणं दोघांनी शेऱ्यांत सुरू केलं.

आणि भांडणाचं मूळ प्रोग्रॅममध्येही होतंच. त्यात दवाखान्यातल्या प्रत्येक खुर्चीला नंबर असे. एक नंबरची खुर्ची धाकट्याने पहिल्या दिवशी बाबांची म्हणून लिहिली होती आणि ती कोणालाही काढून टाकता येऊ नये असा बंदोबस्त केला होता. लोक तक्रार करत, 'आमची एक नंबरची खुर्ची मोडीत निघाली तरी स्क्रीनवर दिसतेच, पेशंटला तिच्यावरच बोलावलं जातं!' मग दादा ती काढायची सोय करी. धाकटा ती सोय रद्द करी. दादा पुन्हा करी. शेरे असे असत:

'एक नंबरची खुर्ची काढता येईल अशी सोय केली. भावनांवर धंदा चालत नाही.'

'सोय रद्द केली. काही लोकांना खुर्च्या परस्पर काढायची सवयच असते.'

भाऊजी हे वाचत, चष्मा पुसत, आणि पत्रकात लिहीत, 'खुर्च्यांच्या व्यवस्थापनात सुधारणा.' सोय केली तरी सुधारणा, रद्द केली तरी सुधारणा! दवाखानेवाल्यांना वाटे, या कंपनीसारखं खुर्च्यांवर मन लावून काम करणारं दुसरं कोणी नाही.

बायकोला मात्र या सगळ्याचा मनापासून त्रास होई. आई दादाकडे असायची. आईला भेटायला जावं तर धाकट्याचं तोंड उतरे. धाकट्याकडे जेवायला जावं तर दादा दोन दिवस फोन उचलत नसे. "आईच्या समोर दोघं एकदा बोलावेत, मग भांडेनात का," ती म्हणायची. "तिला आता किती ताण द्यायचा?" शेऱ्यांतलं तिला भाऊजी सांगत नसत. वाचलं की विसरून जायचं, हा त्यांनी स्वतःला लावून घेतलेला नियम होता.

अशातच एके दिवशी दादा म्हणाला, "भाऊजी, नोट्समुळे आवृत्ती अडते हो आपली." आणि पाठीमागून धाकटा, म्हटलं तर स्वतःशी, पुटपुटला, "आजकाल हाताने लिहितं कोण?" कित्येक महिन्यांत दोघा भावांचं प्रथमच कशावर तरी एकमत झालं होतं आणि ते नेमकं भाऊजींविरुद्ध! त्यांच्या जिव्हारी लागलं. त्याच दिवशी ते कामाला लागले. व्हिडिओ बघितले, पुस्तक आणलं, डोळे चुरचुरेपर्यंत बसले आणि खरोखरच एक यंत्रणा उभी केली. ती शेरे आपणहून गोळा करी, शब्द बघून त्यांना 'नवीन सोयी', 'दुरुस्त्या' आणि 'काढून टाकलेल्या गोष्टी' अशा मथळ्यांखाली लावी, आणि भाषेला सौजन्य हवं म्हणून प्रत्येकाच्या आधी 'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की' हे शब्द जोडी.

"आणि त्यातलं काही वगळायचं असलं तर?" मटार सोलून झाल्यावर बायकोने विचारलं.

"वगळायचं असं त्यात काही नसतंच!"

हे ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, यातच सगळी गोम आहे. तांदूळ निवडणाऱ्याचा हात खडा आपसूक बाजूला टाकतो आणि विचारलं तर त्याला खडा आठवतही नाही, तसं त्यांचं झालं होतं. भांडण वगळायची त्यांना इतकी सवय झाली होती की आपण काही वगळतो हेच ते विसरले होते. शिवाय त्यांनी यंत्रणा तपासून पाहिली ती दादा गावाला गेलेल्या आठवड्याच्या शेऱ्यांवर. भांडायला समोर कोणी नसल्याने धाकट्याने तेव्हा शहाण्यासारखे शेरे टाकले होते. पत्रक असं आलं, जणू इस्त्री केलेलं! भाऊजी स्वतःवरच खूश झाले.

आणखी एक सोय त्यांनी आधीपासूनच करून ठेवली होती. आपलं पत्रक कोणी वाचत नाही हे दुःख त्यांनी बरेच दिवस गिळलं होतं. म्हणून नवी आवृत्ती उघडली की नोट्स पडदाभर याव्यात आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेल्याशिवाय बंदच होऊ नयेत, असं त्यांनी धाकट्याकडून हट्टाने करून घेतलं होतं.

आवृत्ती जायच्या आधीच्या दिवसांत भाऊजींनी एकही शेरा उघडला नाही. यंत्र बघून घेईल! ते वर्तमानपत्र वाचत बसले. दादा बाहेरगावच्या दवाखान्यांच्या फेरीवर होता. धाकटा पाठ करून काहीतरी टाइप करत होता, नेहमीपेक्षा सावकाश. भाऊजींनी कोडं सोडवता सोडवता एकदा तिकडे पाहिलं आणि पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

नवी आवृत्ती सुरू व्हायची त्या सकाळी दादा परतला आणि थेट ऑफिसपासून दोन गल्ल्यांवरच्या एका दवाखान्यात जायला निघाला. भाऊजीही सोबत निघाले. आपल्या यंत्राचं पहिलं पत्रक उघडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं त्यांना. इस्त्रीचा शर्ट घातला होता.

दवाखाना लहानसाच होता. डॉक्टरबाई तरुण आणि चटपटीत. खुर्चीवर एक तिकीट तपासनीस आडवे झाले होते. तोंडात कापसाचे बोळे आणि जबडा नुकताच बधिर केलेला. समोर भिंतीवर, पेशंटला आपला एक्स-रे दिसावा म्हणून, भला मोठा पडदा.

"या दादा! या भाऊजी! आधी यांचा एक्स-रे लावते," म्हणत बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर एक्स-रे आलाच नाही. नोट्स आल्या.

"अरे वा! नवीन आलं वाटतं," बाई म्हणाल्या आणि पेशंटचा कंटाळा जावा म्हणून मोठ्याने वाचू लागल्या. "नवीन सोयी. आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, पेशंटला आठवणीचा मेसेज आता वेळेवर जाईल."

भाऊजींची छाती फुगली.

"आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, मेसेज इतके दिवस जात नव्हता तो घोळ माझा नव्हता, दादाचा होता."

बाई थांबल्या. भाऊजींची छाती होती तिथेच थांबली.

"बाई, हे... हे राहू द्या," ते कसेबसे म्हणाले. "बंद करा."

"बंदच होत नाहीये हो! खाली जायला सांगतंय." त्यांनी पान सरकवलं. "आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, एक नंबरची खुर्ची काढायची सोय पुन्हा केली आहे, आता कोणी हात लावू नये. आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, हात लावला आहे. ज्याला बाबांची खुर्ची परस्पर देता येते त्याने मला नियम शिकवू नयेत."

आता त्या मोठ्याने वाचत नव्हत्या, पण पडदा भिंतभर होता. तिकीट तपासनिसांचे डोळे ओळीओळीने खाली चालले होते. पान संपलं तसा त्यांनी हात उचलून बोटाने खूण केली: सरकवा पुढे!

'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, खुर्ची आईला विचारून दिली होती.'

'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, मला कोणी विचारलं नव्हतं.'

'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, विचारायला तू घरी होतास कुठे?'

भाऊजींच्या अंगाला दरदरून घाम सुटला. नोट्सची ही खिडकी या घटकेला शहरातल्या आणि शहराबाहेरच्या प्रत्येक दवाखान्यात उघडी होती, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय बंद होत नव्हती. ती अट कोणी घातली होती? त्यांनीच! त्यांनी दादाकडे चोरून पाहिलं. दादाचा चेहरा लाल झाला होता. आता हा आपल्याला फाडून खाणार, असं त्यांना वाटलं.

पण बाईंनी शेवटचं पान सरकवलं आणि दादाचा चेहरा एकदम पांढरा पडला.

वर मथळा होता, 'काढून टाकलेल्या गोष्टी'. खाली एकच ओळ होती.

'आम्हाला कळवण्यास आनंद होतो की, माझा हा इथला शेवटचा बदल. एक नंबरची खुर्ची हवी तर काढा, आता मी परत आणणार नाही. महिनाअखेर जातोय. माझं नावही काढून टाका.'

खिडकी बंद झाली आणि पडद्यावर तिकीट तपासनिसांची दाढ आली.

दादा हळूच बाजूच्या स्टुलावर बसला. "मी फिरतीवर होतो," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. भाऊजी, तुम्ही तर सगळे शेरे वाचता. तुम्हाला माहीत होतं?"

भाऊजींना त्या क्षणी स्वतःची जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. हाताने लिहीत असते तर त्यांनी ही ओळ टाकल्या दिवशीच वाचली असती. उठून धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला असता, बायकोला सांगितलं असतं, दादाला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं असतं. तो मुलगा त्यांच्या मागे हातभर अंतरावर बसून ही ओळ लिहीत होता आणि ते कोडं सोडवत होते.

"नाही," ते म्हणाले. "मी वाचलंच नाही."

दादा उठला. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्याच्या तोंडावर आलं. नेमक्या त्याच वेळी दवाखान्याचं दार धाडकन उघडलं आणि धापा टाकत धाकटा आत आला. ऑफिसचे सगळे फोन एकदम वाजू लागले होते आणि भाऊजी कुठे गेलेत हे त्याला हिशेबवाल्याने सांगितलं होतं.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत!" धाकटा ओरडला.

"भाऊजी, हे काय करून ठेवलंत!" दादाही ओरडला.

एकाच वेळी, एकाच सुरात, शेवटी आवाज तसाच चिरकत! एका आईची लेकरं म्हणजे काय ते भिंतीपलीकडच्यालाही कळलं असतं. दोघे चपापले. कित्येक महिन्यांनी त्यांनी एकमेकांकडे समोरून पाहिलं.

"जातोयस?" दादाने विचारलं.

"लिहिलंय ना."

"लिहिलेलं सगळ्या गावाने वाचलं. मला तोंडाने सांग."

धाकट्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्याची नजर तिकीट तपासनिसांच्या हाताखाली गेली. खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन एका जागी कुरतडलेलं होतं आणि त्यावर पट्टी चिकटवली होती. लहानपणी बाबांनी त्याचा पहिला दात काढला तेव्हा, बाबांचा हात सापडेना म्हणून, त्याने चावा घेतला होता तो या खुर्चीच्या हाताला.

"ही इथे?"

"मग कुठे असणार?"

"भंगारात."

"बाबांची खुर्ची? मी भंगारात देईन?" दादाचा आवाज फुटला. "वेडा आहेस का रे तू?"

"आईंनीच ती मला द्यायला सांगितलं होतं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सरांच्या हाताखाली शिकलेय ना मी. नवीन दवाखाना, खुर्ची घ्यायची ऐपत नव्हती. मला वाटलं, तुम्हा दोघांनाही माहीत असेल."

"तू सांगितलं का नाहीस?" धाकटा दादावर ओरडला.

"तू विचारलं का नाहीस?"

"मी का विचारायचं? तू मोठा ना?"

"मोठा म्हणून सगळं मीच करायचं का?"

झालं! सुरू झालं. इतक्या महिन्यांचं साठलेलं, आणि तेही तोंडाने! धाकट्याने डोळे पुसत बजावलं की काहीही झालं तरी एक नंबरची खुर्ची तो काढू देणार नाही. दादाने विचारलं, जाणारा माणूस कशाला हुकूम सोडतो. धाकटा म्हणाला, कोण जातंय? भाऊजी दाराला टेकून ऐकत होते. इतकं गोड भांडण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला, बायकोला लावला आणि काही न बोलता तो खोलीच्या दिशेने धरून ठेवला. पलीकडून ती रडत रडत हसल्याचं ऐकू आलं.

"अहो," ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, उरलेलं आईसमोर भांडा. मी तिकडेच निघालेय."

खुर्चीतून एक हात वर आला. तिकीट तपासनीस कापसाचे बोळे तोंडातून काढून, जड जिभेने, अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "सगळं मिटलं असेल तर माझी दाढ बघता का?"

पुढचे काही दिवस भाऊजी फोनवर माफी मागत होते. पण कोणी रागावलेलंच नव्हतं! "मी पहिल्यांदाच तुमच्या नोट्स शेवटपर्यंत वाचल्या," एक जण म्हणाला. दुसऱ्याने सांगितलं की त्याने स्वतःच्या भावाला फोन केला. एका दवाखान्यात तर पेशंट आणि डॉक्टर यांच्यात दादाचं बरोबर की धाकट्याचं, यावर वाद होऊन दात काढायचा राहून गेला होता. प्रत्येक जण शेवटी तेच विचारी, "राहिले ना मग धाकटे?"

"राहिले," भाऊजी सांगत.

यंत्रणा त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केली. आता दोघे भाऊ एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि दिवसभर मोठ्याने भांडतात. शेऱ्यांत मात्र नुसतं 'बदल केला' असं असतं. पुढच्या आवृत्तीत दोघांनी एकमताने एक गोष्ट केली. एक नंबरची खुर्ची आता काढता येते, पण काढायला गेलं की पडद्यावर प्रश्न येतो, 'घरात सगळ्यांना विचारलं का?' आणि 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

ही गोष्ट पत्रकात कशी लिहावी यावर भाऊजींनी आख्खी सकाळ घातली. कागदावर कागद फाडले. एकदा फार सुंदर जमलं, पण वाचताना त्यांचेच डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी तेही खोडलं. घरातलं घरात राहिलेलं बरं. अखेर त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'खुर्च्यांच्या व्यवस्थापनात सुधारणा', आणि नोट्स पाठवून दिल्या.

थोड्याच वेळात डॉक्टरबाईंचा फोन आला. भाऊजींनी सावरून बसत तो घेतला.

"नोट्स मिळाल्या हो भाऊजी," बाई म्हणाल्या. जरा घुटमळल्या. "ठीक आहेत. पण मागच्या वेळी कोणी लिहिल्या होत्या? त्यांनाच सांगा ना पुन्हा. त्यांचा हात फार चांगला आहे."